गाळलेली जागा

सीबीएससमोर, कोर्टाच्या भिंतीला लागून
माझं टेबल. वर निळी ताडपत्री,
खाली एका पायाला पुठ्ठ्याची घडी.
एकोणतीस वर्षं दुसऱ्यांची वाक्यं टाइप करते,
पानामागे तीस रुपये. कार्बन होता तेव्हा चार.

वाक्य ठरलेलं:
'अर्जदार हा सामनेवाले यांचेकडे ______ म्हणून कामास होता.'
तेवढी जागा सोडून बाकी सगळं बोटांना पाठ.
सातपूरचे यायचे तेव्हा मी तिथे भरायचे: कायम.
मग अंबडचे आले, भरलं हंगामी,
बदली, रोजंदार, कंत्राटी.
एकदा शिकाऊ.
बेचाळीस वर्षांचा होता तो शिकाऊ,
मुलीचं लग्न ठरवून आला होता.

शाळेत म्हणायचे, गाळलेल्या जागा भरा.
कुणी गाळल्या ते विचारायचं नसतं.

मंगळवारी वाल्मीक खैरनार आला.
अंगात कंपनीचा टी-शर्ट, उलटा घातलेला,
नाव आत, शिवण बाहेर.
आयडी बंद केली, मॅडम.
कुणी?
त्यानं मोबाईल पुढे केला. मराठीत होतं, बऱ्यापैकी शुद्ध:
'आपले खाते कायमस्वरूपी निष्क्रिय करण्यात आले आहे.'
मला देवळालीच्या भामरे बाई आठवल्या.
क्रियापदाला 'कोणी' विचारा, कर्ता सापडेल.
मी विचारलं. दोनदा विचारलं.
वाक्यात कर्ता नव्हता.
कायम हा शब्द मात्र होता,
किती वर्षांनी दिसला.

म्हटलं, नोकर लिहू?
करारात स्वतंत्र लिहिलंय, म्हणाला. भागीदार पण.
कितीचा भाग?
हसला. पुढचा दात अर्धा,
द्वारका सर्कलला गाडी घसरली तेव्हाचा.
त्या दिवशी बिर्याणी वेळेत पोचली होती.

स्वतंत्र, मग नको म्हणता येतं?
येतं ना. तीनदा म्हटलं की
पाथर्डी फाट्याला दुपारभर उभे राहा,
मोबाईल मुका.
सुट्टी? कधीही घ्या.
गाडी माझी, पेट्रोल माझं, मोडला तो पाय माझा,
टी-शर्टचे पैसे पण माझ्यातूनच कापले.
भराभर सांगत होता, आणि मी
बोटं वर धरून बसलेली,
की-बोर्डापासून वीतभर.

वकीलसाहेब म्हणाले, बाई, ती जागा मोकळी ठेवा,
त्यावरच तर भांडायचंय.
'आमच्या बाई' म्हणतात ते मला, चारचौघांत.
मी त्यांची कोण, ते अजून
कुठल्या कागदावर आलेलं नाही.

शनिवारी मुलीनं इंदिरानगरच्या घरी मिसळ मागवली.
मिसळ. घरी. नाशिकात राहून.
मी काही बोलले नाही.
स्क्रीनवर आलं: 'हर्षल आपली ऑर्डर घेऊन येत आहे.'
दार उघडलं तर वाल्मीक.

मेहुण्याची आयडी असणार.
टी-शर्ट आज सुलटा होता.
त्यानं पायपुसण्याकडे बघितलं, मी पण.
रश्श्याची पिशवी दिली, पावाची वेगळी,
कांदा-लिंबू राहिलं होतं ते परत फिरून दिलं.
हर्षल, पाणी घेतोस का, मी विचारलं.
नको मॅडम, म्हणाला हर्षल,
आणि एक पाय जपत, भिंतीला धरून
जिना उतरला.

मुलीनं मोबाईल माझ्या हातात दिला.
'सेवा कशी वाटली?'
खाली पाच पोकळ चांदण्या, ओळीत.
मी बोट वर धरलं.
दिलेल्या चांदण्या हर्षलच्या नावावर जाणार,
न दिलेल्या वाल्मीकच्या पोटावर,
आणि सोमवारची तारीख
तिसऱ्याच एका माणसाची,
ज्याला काय म्हणायचं ते ठरायचंय.

आई, लवकर कर ना, ती म्हणाली,
रस्सा निवतोय.